काच धुण्याच्या गाडीत पाणी तापत नाही? गीझर बदलण्याआधी बादली लावा

"भाऊ, पानी तपस नही." डिसेंबर लागला की सकाळी सात-साडेसातला हा फोन ठरलेला. कधी धुळ्याहून, कधी भुसावळहून, कधी शिरपूरच्या एखाद्या नव्या पोराचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, बँकांच्या काचा धुण्याचं काम आम्ही करतो आणि बहुतेकांची गाडी एकाच धाटणीची असते: छोट्या हत्तीवर किंवा व्हॅनमध्ये टाकी, बारा व्होल्टचा पंप, लांब पोलला ब्रश आणि पाणी गरम करायला सहा लिटरचा, म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा, गॅस गीझर. गेल्या सात हिवाळ्यांत हा बिघाड मी स्वतःच्या गाडीवर आणि दुसऱ्यांच्या गाड्यांवर इतक्यांदा काढलाय की आता फोनवर दोन प्रश्न विचारले तरी अंदाज येतो. बहुतेक वेळा गीझर चांगलाच असतो. घोळ असतो तो पाण्याच्या वाटेत. तरी पोरं आधी गीझर बदलतात, मोठा आणतात, आणि तोच त्रास नव्या गीझरला सुरू होतो.

आधी आपल्या गाडीत नेमकं काय होतंय ते ओळखा.

- ठिणगीची टकटक होते, पण ज्योत धरत नाही.
- टकटकही होत नाही.
- ज्योत धरते, थोड्या वेळात विझते, परत धरते. पंपाचा आवाजही तुटक येतो.
- गीझरच्या तोंडाशी चटका बसतो, पण ब्रशपाशी पाणी जेमतेम कोमट.
- पहिला पाव तास छान, मग ज्योत बारीक होत जाते. सिलिंडर खालच्या बाजूने ओला आणि गारठलेला.
- दरवेळी बरोबर वीस मिनिटांनी बंद.
- मागच्या हिवाळ्यापेक्षा पाणी कमी तापतं, धारही बारीक झालीय, आत पाणी खदखदल्यासारखा आवाज येतो.
- ज्योत पिवळी, वर काजळी, माणसाचं डोकं जड होतं.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही तपासत बसू नका. गॅस बंद करा आणि थेट खाली "इथे थांबा" लिहिलंय तिथे जा.

वीस मिनिटांचं आत्ताच सांगून टाकतो, कारण तो बिघाडच नाही. बऱ्याच गॅस गीझरांत वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते. बाथरूममध्ये माणूस गुदमरू नये म्हणून ती आहे. पाणी बंद करून पुन्हा सुरू केलं की ज्योत परत लागते. कोणी "वायर तोडून देतो, मग बंद होणार नाही" म्हणाला तर त्याला गाडीला हात लावू देऊ नका.

गरम पाणी हवंय कशाला आणि किती

हे आधी ठरवलं नाही तर तपासणीला अर्थ नाही. जळगाव-भुसावळला एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काळ्या टाकीतलं पाणी दुपारपर्यंत आपसूक गरम होतं, गीझरला हात लावायची गरज नसते. आपला गरम पाण्याचा हंगाम नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. धुळ्याकडे थंडीची लाट आली की पारा दहाच्या खाली येतो, सकाळी टाकीतलं पाणी १५ अंशांच्या आसपास असतं, हात बधिर होतात आणि चिकट घाण सुटत नाही. दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूची राख, डाळ मिलचा पिवळा भुसा, जिनिंगची रुई, हॉटेलच्या एक्झॉस्टचं तेल, आणि पक्ष्यांची विष्ठा तर सगळीकडे. यातलं तेल आणि विष्ठा कोमट पाण्यानेच लवकर सुटतात. राखेला गरम पाणी लागत नाही, तिला भरपूर पाणी लागतं.

नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्यांजवळच्या एका गोदामाच्या काचा मी पहिल्यांदा गरम पाण्याने धुतल्या. ब्रश टेकताच वाफेबरोबर तिखट असं नाकात गेलं की मी आणि माझा मदतनीस, दोघेही पोल टाकून रस्त्यापलीकडे खोकत उभे. तिथे आता आधी गार पाण्याचा हात मारतो.

किती गरम? ब्रशपाशी ४० अंश पुरे. मनगटाच्या आतल्या बाजूवर धार घेतली की, बाळाचं दूध तपासताना वाटतं, तितकं. त्याहून जास्त नको, कारण साध्या काचेचा एक भाग तापला आणि शेजारचा गार राहिला की ती तडकते. पहाटेच्या दहा अंशांच्या काचेवर साठ अंशांचं पाणी मारायचं नाही. कडेला आधीच टवका उडालेला असेल किंवा केसासारखी चीर असेल तर कोमटही नको. काम सुरू करण्याआधी अशा काचा मालकाला दाखवून ठेवा, फोटो काढा.

म्हणजे काम आहे १५ अंशांचं पाणी ४० च्या थोडं वर न्यायचं. हा आकडा लक्षात ठेवून तपासणी सुरू करू. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे आहे. मधल्या पायऱ्या गाळू नका.

१. बादली, घड्याळ आणि थर्मामीटर

पोलचा ब्रश काढा, नळीचं तोंड पाच लिटरच्या बादलीत धरा आणि भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. दोन मिनिटं लागली तर अडीच लिटर मिनिटाला. साडेतीन मिनिटं लागली तर दीडच्या खाली. मग ब्रश लावून तेच पुन्हा मोजा, कारण ब्रशच्या बारीक छिद्रांनी धार आणखी कमी होते. माशांच्या टाकीचा डिजिटल थर्मामीटर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. त्याने तीन ठिकाणचं तापमान घ्या: टाकीत, गीझरच्या तोंडाशी आणि ब्रशपाशी. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवा.

हे आधी का, तर घरगुती गीझर बनलेला असतो नळाच्या धारेसाठी. पाणी जोरात आलं की आतला रबरी पडदा दाबला जातो, तो बारीक स्विच ढकलतो आणि मगच ठिणगी पडून गॅस उघडतो. बहुतेक लहान गीझरांना त्यासाठी मिनिटाला दोन-अडीच लिटर तरी धार लागते. आपल्या पोलला काच धुवायला दीड लिटर पुरतं. म्हणजे आपण गीझरला ज्या धारेवर चालवू पाहतो ती त्याला धारच वाटत नाही. टकटक न होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आणि धार काठावर असेल तर उलटा त्रास होतो. दीड लिटर पाणी २७ अंशांनी तापवायला तीन किलोवॉटसुद्धा लागत नाही, आणि सहा लिटरचा गीझर पूर्ण ज्योतीवर दहा किलोवॉटच्या आसपास आग देतो. ज्योत अगदी कमी केली तरी ती जास्तच. पाणी साठ-सत्तरच्या पुढे जातं, आतला थर्मोस्टॅट गॅस तोडतो, पाणी निवतं, परत पेटतो. ब्रशपाशी उभ्या माणसाला कधी चटका, कधी गारवा. त्याला वाटतं गीझर खराब झाला. यावरचा इलाज चौथ्या मुद्द्यात आहे, पण आधी फुकटचं उरकून घेऊ.

२. जाळी आणि सेल

गीझरच्या पाणी आत येण्याच्या तोंडाला, नट काढला की आत नखाएवढी पितळी किंवा प्लॅस्टिकची जाळी असते. पंपाच्या आधी दुसरी एक, पारदर्शक वाटीतली. दोन्ही काढून जुन्या टूथब्रशने धुवा. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ टाकीच्या झाकणातून आत जाते आणि तळाशी लगदा होतो. एकदा यावलकडे केळीच्या बागांमधून दिवसभर गाडी फिरली होती, दुसऱ्या दिवशी वाटीत चहाच्या चोथ्यासारखा गाळ. जाळी पंधरा मिनिटांचं काम आहे आणि एक पैसा लागत नाही.

सेल: बहुतेक गीझरांत दोन मोठे दीड व्होल्टचे सेल ठिणगीसाठी असतात. थंडीत ते लवकर मान टाकतात. टकटक मंद, लांब अंतराने होत असेल तर दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा नको. डबीतल्या पत्रीवर हिरवट थर आला असेल तर काचपेपर फिरवा. हंगाम संपला की सेल काढूनच ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि पत्री खाऊन टाकतात.

३. नळीत आणि टाकीत जाणारी उष्णता

गीझरशी चटका आणि ब्रशपाशी कोमट, हे लक्षण असेल तर गीझरला मोठं करून उपयोग नाही. आमची नळी आतून आठ मिलिमीटरची, साठ मीटर लांब. तिच्या पोटात तीन लिटर पाणी मावतं. दीड लिटरच्या धारेने गरम पाणी ब्रशपर्यंत पोचायला दोन मिनिटं लागतात, आणि मध्ये पाच-दहा मिनिटं शिडीवर गेली की नळीतलं सगळं निवलेलं असतं. नवी पोरं पहिल्या मिनिटातच "तापत नाही" म्हणून ज्योत वाढवतात.

वाटेतली गळती वेगळी. माझ्या नळीत चालत्या धारेला सहा अंश जातात, ओल्या फरशीवरून किंवा वाऱ्यात ओढली तर दहा. उपाय स्वस्त आहेत. जेवढी लागते तेवढीच नळी उलगडा, उरलेली रिळावर ठेवा. गाडीतली नळी एसीवाल्यांकडे मिळणाऱ्या काळ्या फोमच्या पाइपात घाला. आणि गरम पाण्यासाठी साधी पारदर्शक पीव्हीसी नळी वापरू नका. ती पन्नासच्या पुढे मऊ होते आणि निपलवरून सुटते. सुटलेल्या नळीने माझ्या मदतनीसाच्या पायावर एकदा पाणी पडलं. नशीब ते ४५ चं होतं.

टाकीचंही तसंच. उघडी शंभर लिटरची टाकी थंडीत तासाला तीन-चार अंश सोडते. तिला चारही बाजूंनी, खालून आणि वरून दोन इंची थर्माकोल लावून वर ताडपत्री आवळली तर माझ्याकडे तासाला अंशभरच उतरतं. थर्माकोल मिळेपर्यंत मी आईच्या दोन जुन्या गोधड्या गुंडाळल्या होत्या. कोरड्या असेपर्यंत त्याही चांगलं काम देतात, भिजल्या की उलट थंड करतात.

इथेच स्वस्तातल्या मार्गाचं सांगतो, कारण ज्याची टाकी झाकलेली आहे त्याला अर्ध्या कामांना गीझरच लागत नाही. शंभर लिटर पाणी १५ वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे पावणेपाच युनिट वीज लागते. घरी पहाटे दीड हजार वॉटच्या रॉडने किंवा सोलर बंबातून टाकी भरून निघालं की झालं. शंभर लिटर ५५ अंशांचं आणि साठ लिटर १५ अंशांचं मिसळलं की १६० लिटर बरोबर ४० चं होतं. दीड लिटरच्या धारेला ते पावणेदोन तास पुरतं. एखाद्या शोरूमचा दर्शनी भाग त्यात होऊन जातो.

रॉड वापरणाऱ्यांनी इतकं पाळा. अर्थिंग असलेला मोठा सॉकेट, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच), रॉड प्लॅस्टिकच्या भिंतीला टेकता कामा नये, आणि स्विच बंद करून प्लग उपसल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. प्लॅस्टिकची टाकी ५५ च्या वर नेऊ नका, ती पोट काढते.

बॅटरी आणि इन्व्हर्टरवर रॉड चालवायचा विचार दरवर्षी कोणीतरी करतो. शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीत सगळी मिळून सव्वा युनिटच्या आत वीज असते आणि तिच्यातली निम्मीच काढायची. तेवढ्यात शंभर लिटर पाणी पाच अंशांनी तापतं आणि गाडी सुरू होत नाही.

दिवसाच्या कामाला एक मार्ग मात्र मला मनापासून आवडतो. जळगाव म्हणजे ठिबकचं गाव. गल्लोगल्ली काळी १६ मिलिमीटरची नळी मिळते, ड्रिपर नसलेली कोरी. तिचं वेटोळं गाडीच्या टपावर दोन चौरस मीटरभर बांधलं आणि लहान पंपाने टाकीतलं पाणी त्यातून फिरवलं, तर जानेवारीच्या उन्हात शंभर लिटरला तासाला चार-पाच अंश मिळतात. दहा वाजल्यानंतर गॅस पेटवावा लागत नाही. ऊन नसेल तेव्हा पंप बंद ठेवा, नाहीतर तेच वेटोळं टाकी थंड करतं.

४. पंपाचा धक्का आणि परतीची नळी

या मुद्द्यावर थोडा वेळ द्या. ज्योत लागून विझते या तक्रारीचं मूळ मला सर्वांत जास्त इथेच सापडलंय.

आपले बारा व्होल्टचे पंप म्हणजे फवारणी पंपाचेच भाऊबंद. त्यांच्या डोक्यावर एक प्रेशर स्विच असतो. पुढची वाट अरुंद असली की दाब चढतो, स्विच पंप तोडतो, दाब उतरतो, परत जोडतो. गाडीशेजारी उभं राहून ऐका: सलग घर्रर्र येतं की घर्र, थांब, घर्र, थांब? दुसरं असेल तर प्रत्येक थांब्याला गीझरचा पडदा सुटतो आणि गॅस बंद होतो.

आधी मल्टिमीटरने पंपाच्या तारांवर, पंप चालू असताना, व्होल्टेज बघा. बॅटरी निवांत असताना १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. बॅटरीवर १२.४ आणि पंपापाशी ११ दिसत असेल तर तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे. पंप ज्या बाजूने पाणी ओढतो तिकडची क्लिप ढिली असेल तर पंप हवा ओढतो, पारदर्शक वाटीत बुडबुडे दिसतात. आवळा, टेप मारा.

हे सगळं ठीक असूनही पंप तुटक चालत असेल तर परतीची नळी टाका. गीझरमधून पाणी बाहेर पडल्यावर एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवा. एक तोंड पोलकडे, दुसरं एका बॉल व्हॉल्व्हमधून परत टाकीत. व्हॉल्व्ह इतका उघडा की गीझरमधून मिनिटाला चार लिटर जातील: दीड पोलला, अडीच परत टाकीला. पंप सलग चालतो, गीझरला हवी ती धार मिळते, ज्योत टिकते. परत गेलेलं गरम पाणी वाया जात नाही, टाकीच हळूहळू चढत जाते. पोलचा कॉक बंद केला तरी गीझरमध्ये पाणी वाहतं राहतं, म्हणून पुढच्या वेळी उकळतं पाणी एकदम येत नाही. टी, व्हॉल्व्ह, दोन क्लिपा आणि दीड मीटर नळी, एवढंच सामान आहे.

माझ्या गाडीवर ही नळी बसवली त्या सकाळी जळगावात एका दवाखान्याचं काम होतं. साडेसहाला सुरू केलं. दोन वर्षं ज्या गीझरला मी शिव्या घातल्या होत्या तो एकदा भप्प करून पेटला तो वीस मिनिटं हलला नाही. मदतनीस मनगट धारेखाली धरून उभा होता, म्हणाला, "दादा, आता सारखंच येतंय." मला त्या गीझरची माफी मागावीशी वाटली.

एक सावधगिरी: टाकीत थर्मामीटर सोडून ठेवा. परतीमुळे टाकी चढत राहते. टाकी ४२ वर आली की गॅस बंद करून नुसत्या पंपावर काम करा.

शुद्ध पाणी वापरणाऱ्यांसाठी: आरओ आणि डीआयच्या (उरलेसुरले क्षार रेझिनने काढणारा फिल्टर) आधी पाणी तापवू नका. आरओच्या पडद्याला ४५ अंशांच्या पुढचं पाणी चालत नाही, डीआयचं रेझिनही उष्णतेने लवकर मरतं. आधी शुद्ध करा, मग टाकी, मग गीझर. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दहाच्या खाली दाखवत असेल तर काच न पुसता सोडली तरी डाग पडत नाही.

५. सिलिंडर आणि रेग्युलेटर

ज्योत पाव तासाने बारीक होते आणि सिलिंडर घामेजतो, त्याचं कारण असं. द्रवाचा वायू होताना सिलिंडरमधलीच उष्णता खेचली जाते. पूर्ण ज्योतीवरचा गीझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस मागतो. पाच किलोच्या सिलिंडरला हे झेपत नाही, तो गारठतो, दाब पडतो. मोठा सिलिंडर हाच इलाज आहे. सिलिंडरवर गरम पाणी ओतणं, खाली निखारे ठेवणं, उन्हात आडवा टाकणं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि प्रत्येकाला हात जोडून थांबवलंय. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव बाहेर येतो.

धंद्याला घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक १९ किलोचा घ्या. गाडीतून कसा न्यायचा ते एजन्सीला विचारूनच ठरवा. तो उभा, साखळीने बांधलेला आणि उघड्या हौद्यात असावा. गाडी चालताना व्हॉल्व्ह बंद, गीझर बंद. रेग्युलेटर कमी दाबाचाच, ज्याच्यावर ३० मिलिबारच्या आसपास लिहिलेलं असतं. आचाऱ्याच्या भट्टीचा हाय-प्रेशर रेग्युलेटर गीझरला लावला तर ज्योत झाकणाबाहेर येते. नळीवरची मुदत वाचा, संपली असेल तर नवी घ्या. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तर गळती. काडी पेटवून गळती बघायची नाही.

६. क्षार

बोअरचं पाणी भरत असाल तर हे दर हंगामाला करावंच लागतं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम बरंच. पाणी तापलं की ते विरघळलेलं राहत नाही, तांब्याच्या नळीला आतून चिकटतं, आणि साठ अंशांच्या पुढे भराभर चिकटतं. थर बसला की आग बाहेर आणि पाणी आत, मध्ये दगडाची भिंत. गीझर खदखदतो तो यामुळे.

गॅस बंद, सेल काढलेले, गीझर थंड. बादलीत पाच लिटर कोमट पाणी, त्यात पाव किलो लिंबूसत्व, म्हणजे किराण्यात मिळतं तेच सायट्रिक ॲसिड. लहान पंपाने ते गीझरमधून बादलीत तासभर फिरवा. पहिल्यांदा फेस येतो, पाणी दुधाळ होतं, मग भाताच्या कोंड्यासारखे पापुद्रे बाहेर पडतात. जाळीवर फडकं बांधून ते गाळा, नाहीतर तेच पंपात अडकतात. फेस थांबला की साध्या पाण्याने दहा मिनिटं धुवा. हातमोजे आणि चष्मा घाला. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका, ते क्षाराबरोबर तांबं आणि पितळही खातं, आणि मग गीझर आतून गळायला लागतो. काम झालं की तारीख गीझरच्या बाजूला मार्करने लिहा.

इथे थांबा

वरचं सगळं करूनही ज्योत धरत नसेल, तर बहुधा आतला रबरी पडदा फाटलेला किंवा गॅसचा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. पाणी आणि गॅस दोन्ही त्याच डबीतून जातात. ती उघडायची नाही. मी इतकी वर्षं हे काम करतोय, ती डबी मी उघडत नाही. कंपनीचा किंवा जाणकार गीझरवाला बोलवा. गॅसची बाजू, म्हणजे रेग्युलेटरनंतरचा कुठलाही गळका जोड, बर्नर, जेट, ही त्याचीच. रॉडच्या टाकीला हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा आरसीसीबी पडत राहिला तर इलेक्ट्रिशियन. इंजिनच्या गरम पाण्यावरून टाकी तापवायची असेल तर कूलंटची नळी कापायला गाडीचा मेकॅनिकच हवा, नाहीतर इंजिन तापून बसेल.

आणि पिवळी ज्योत. निळी ज्योत म्हणजे गॅस पुरता जळतोय. पिवळी आणि काजळी म्हणजे हवा कमी पडतेय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. त्याला वास नाही, रंग नाही. भुसावळकडच्या एका ओळखीच्या भावाने थंडी लागते म्हणून गीझर बंद व्हॅनच्या आत बसवला होता, दार ओढून घेऊन आत नळी गुंडाळत होता. डोकं दुखतंय, मळमळतंय, पित्त झालं असेल म्हणाला. सोबतच्या पोराने दार उघडलं तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं. उघड्यावर आणून झोपवलं, १०८ बोलावली, तो वाचला. त्या दिवसापासून मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो: गीझर कुठे बसवलाय? तो बंद डब्यात कधीच नको. मागच्या उघड्या बाजूला, बाहेर, वर पत्र्याचं छप्पर असलं तर वाऱ्यापावसापुरतं, तिन्ही बाजू मोकळ्या.

गॅसचा वास आला तर स्विचला हात नाही, गाडी सुरू करायची नाही, मोबाइलही तिथे नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गाडीच्या तळाशी साचून राहतो. व्हॉल्व्ह बंद करता आला तर करा, दारं उघडा, माणसं लांब न्या आणि लांबून १९०६ ला फोन करा.

गीझरवाल्याला बोलावताना दारावर खडूने लिहिलेले आकडे वाचून दाखवा: ब्रशसकट मिनिटाला किती लिटर, टाकीत किती अंश, गीझरच्या तोंडाशी किती, ब्रशपाशी किती, पंपापाशी किती व्होल्ट, आणि लिंबूसत्व कोणत्या तारखेला फिरवलं. एवढं ऐकलं की तो बरोबर भाग पिशवीत टाकून येतो, दुसरी फेरी पडत नाही.